चौथीतला नायक

माझ्या आत्मचरित्राचं प्रकाशन कोल्हापुरात ठरलं. प्रमुख पाहुणे होते रणधीर सबनीस, माझ्या पहिल्या सिनेमाचे नायक. केस काळेभोर, शर्ट पोपटी. माईक हातात येताच ते गरजले, "कुमुदताईंनी पहिल्याच पानावर धडधडीत खोटं छापलंय. मी यांचा पहिला नायक कसा असेन? अहो, तेव्हा मी चौथीत होतो! ताईंनी इथेच चूक कबूल करावी, नाहीतर मी या पुस्तकाला हात लावणार नाही."

मला ताई म्हणाले! सेटवर मी यांना काका म्हणायची.

प्रकाशकांना घाम फुटला. सगळ्या इंडस्ट्रीला दमात घेणारा माणूस, त्याच्यापुढे बोलणार कोण? मी उठले.

"चुकलंच माझं," मी म्हणाले. "पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करते. माझा पहिला नायक चौथीत होता, आणि शूटिंगला त्याचा डबा घेऊन त्याची बायको यायची."

सभागृहात खसखस पिकली. पहिल्या रांगेतल्या सबनीसवहिनी तर डोळे पुसत हसत होत्या.

"पोरंही यायची हो माझ्याबरोबर," त्या म्हणाल्या. "चौथीत आमचा थोरला होता!"