हृदयाचे कप्पे

मधली सुट्टी सोडून मुलं नव्या कुडतरकर बाईंची डिजिटल कॉमिक्स बघायला पळू लागली, तसा विज्ञानाच्या घारपुरे सरांचा जळफळाट सुरू झाला. आजवर असं कौतुक फक्त त्यांचं होत असे. शेवटी ते मुख्याध्यापिकांकडे गेले. बाईंनाही बोलावणं आलं.

"शिकवणं शब्दांनी होतं," सर कडाडले. "पडद्यावरची चित्रं बंद करा!"

"करते," बाई म्हणाल्या. "तुम्ही फक्त हृदयातून रक्त कसं फिरतं, ते चित्राशिवाय सांगा."

"त्यात काय! रक्त इथून आत येतं, मग असं खाली..." सरांचं बोट हवेत भराभर कप्पे काढू लागलं.

"बोट खाली, सर," बाई म्हणाल्या.

सरांनी हात मागे बांधले. पुढचा शब्दच सुचेना.

मुख्याध्यापिका हसल्या. "बाई, पुढचं कॉमिक हृदयावर करा. चित्रं सर काढतील."