मन भिंतीबाहेर गेलं

आमच्या तुरुंगाचे अधीक्षक दाभाडेसाहेब रोज सकाळी आम्हा बायकांना ध्यानाला बसवायचे. अर्धा तास गप्प बसून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? पण नंतरच्या चौकशीने जीव नकोसा व्हायचा.

"मन कुठे गेलं होतं?" साहेब वही उघडून दरडावायचे. खरं सांगणारीची घरच्यांशी भेट बंद!

एकदा पारूबाईंची पाळी आली.

"घरी गेलं होतं, साहेब. धाकटीची वेणी घालायला."

"भिंतीबाहेर? भेट बंद!"

"करा. पण वहीत नीट लिहा. कैदी भिंतीबाहेर गेला की पहारेकऱ्याला निलंबित करतात ना? आज पहाऱ्यावर तुम्हीच होता."

साहेबांनी वही मिटली. तेव्हापासून आमच्यातल्या एकीचंही मन भिंतीबाहेर गेलेलं नाही, असं त्यांनी वर कळवलंय.