खंडेनवमीचं कपाट

"वैजयंतानं कंपनीचं कपाट उघडायला लावलं आणि सुपरवायझर झाली..." जिन्यात एवढंच ऐकू आलं. मी कसली थांबते! भाजी तशीच टाकून तिचं दार गाठलं. तिनं पहिल्यापासून सगळं सांगितलं.

बाई म्हणून बढती नाकारली, म्हणून तिनं दावा लावलेला. कोर्टानं मुलाखतीचे कागद मागितले, तर मॅनेजर म्हणाले, "उन्हाळ्यात वाळवी लागली. लाकडी कपाटासकट जाळले."

वैजयंता उठली. "मग साहेब, परवा खंडेनवमीला मी हळदकुंकू कुठल्या कपाटाला वाहिलं? पूजा बाईनंच मांडायची, हा नियम तुमचाच. त्याच कपाटापुढे हात जोडलेला तुमचा फोटो कंपनीच्या ग्रुपवर आहे."

कपाट उघडावं लागलं. कागद शाबूत निघाले. 'लायक, पण बाई' हा शेरासुद्धा.

"म्हणजे झालीस ना सुपरवायझर?"

"कुठलं हो काकू! पुढची तारीख पडली. उद्या ऑफिसात सत्यनारायण आहे, रांगोळीला मलाच बोलावलंय."