मुरारशेठने न पुसलेली ओळ

जंगलाला लागून असलेल्या एका गावात मुरारशेठ नावाचा मधाचा व्यापारी होता. माणूस मनाचा चांगला, पण भारी उतावळा. बाजारातल्या भेसळीला कंटाळून त्याने आपल्या धंद्यात ब्लॉकचेन आणली. आता ही काय भानगड? तर प्रत्येक बाटलीची नोंद आधी मध काढणाऱ्याने करायची, मग गाळणाऱ्याने, मग दुकानदाराने. नोंदींची ती साखळी सगळ्यांच्या मोबाइलवर सारखीच दिसायची. एकदा लिहिलेलं कुणालाही, खुद्द शेठलाही, पुसता यायचं नाही. वर शेठने बक्षीस लावलं, ज्याची नोंद आधी त्याला भाव जादा.

गिऱ्हाइकं खूश झाली. पण थोड्याच दिवसांत बाटल्या परत येऊ लागल्या. मध आंबला होता. बहुतेक बाटल्या गावात मधमाश्या पाळणाऱ्या सगुणाबाईच्या पेट्यांमधल्या निघाल्या. शेठचं डोकं फिरलं. विचारपूस न करता त्याने साखळीत लिहून टाकलं, ‘सगुणाबाईचा मध भेसळीचा.’

झालं! तिच्याकडून कुणी थेंबभर मध घेईना. बिचारीचं घर त्या पेट्यांवरच चालायचं.

चार दिवसांनी शेठ भेसळीसाठी मधात घालतात ते गुळाचं पाणी शोधायला तिच्याकडे गेला. गूळ कुठेच नव्हता. सगुणाबाईने पेटी उघडून पोळं दाखवलं.

“शेठ, मध पिकला की माशा वर मेणाचं झाकण लावतात. त्याआधी काढला तर आंबतो.”

“हे ठाऊक होतं, तर थांबायचं ना, बाई!”

“थांबून पाहिलं की. बक्षीस दुसऱ्याला गेलं, आणि माझी चूल थंड राहिली.”

शेठ तिथेच दगडावर बसला. नोंदी त्याने एकेक करून तपासल्या होत्या. पण माशी, बाई, बक्षीस आणि गिऱ्हाईक यांच्याकडे त्याने एकत्र कधी पाहिलंच नव्हतं. त्याला फार वाईट वाटलं. त्याने घाईचं बक्षीस बंद केलं. गिऱ्हाइकाने मध चांगला असल्याची नोंद केली, की जादा पैसे साखळीतल्या सगळ्यांत वाटायचे, असं ठरवलं.

“आणि माझ्या नावाची ती ओळ?” सगुणाबाईने विचारलं.

“ती पुसता येत नाही, बाई. पण तिच्याखाली लिहिता येतं.”

त्याने लिहिलं, ‘भेसळ नव्हती. मध कच्चा होता. घाई करायला मी लावली. चूक माझी, मुरारची.’

गावातल्या सगळ्या मोबाइलवर ती ओळ दिसली. संध्याकाळी सगुणाबाईच्या दारात पहिलं गिऱ्हाईक आलं. त्या दोन्ही ओळी अजून साखळीत आहेत, एकीखाली एक.

या गोष्टीचं तात्पर्य: नोंदी खऱ्या असल्या म्हणून धंदा नीट चालतोच असं नाही, माणसं, नियम आणि निसर्ग एकमेकांना कसे ओढतात ते एकत्र पाहावं, आणि कुणाला दोष देण्याआधी आपण केलेला नियम तपासावा.