लाल पाटा

हळदीच्या एका व्यापाऱ्याने एकदा एकाच मुहूर्तावर दोन ट्रक खरेदी केले. दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच बनावटीचे, नंबरसुद्धा लागोपाठचे. व्यापाऱ्याचे नाव चन्नाप्पाशेठ. त्यांची खरेदी डोंगरापलीकडच्या गावांत चाले, आणि तिकडचा घाटरस्ता असा की भरल्या गाडीचा मागचा भाग वळणावर झुले आणि हौदा टायरला घासे. म्हणून पंधरा दिवसांच्या आतच शेठ पहिला ट्रक घेऊन हुसेनवस्तादांच्या दारात उभे राहिले.

वस्ताद पाट्यांच्या कामातले जाणते पुरुष. चाकांवरचे धक्के सोसण्यासाठी ट्रकच्या पोटाखाली पोलादाच्या वाकवलेल्या पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात; त्यांना या धंद्यात पाटे म्हणतात. वस्तादांचे निम्मे आयुष्य त्या पट्ट्यांखाली उताणे पडून गेले होते. त्यांचा शिष्य सुकुमार यंत्रविद्येची पदविका घेऊन त्यांच्याकडे आला होता. वय तिशीला टेकलेले, हात चपळ, आणि मन जरा जास्तच कनवाळू. गिऱ्हाइकाचा चेहरा उतरलेला त्याला पाहवत नसे.

शेठ म्हणाले, "वस्ताद, मागं दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा घाला. पण एक ध्यानात ठेवा, गाडी वॉरंटीत आहे. कंपनीला कळता कामा नये."

"माल किती भरता?" वस्तादांनी विचारले.

"पासिंगइतकाच. कागदावर मंजूर आहे तेवढंच वजन."

"तेवढाच भरा. पाटा वाढला म्हणून पासिंग वाढत नाही."

काम दुपारपर्यंत झाले. सुकुमारने हात पुसले आणि तो नव्या पाट्यांना काळा रंग फासायला निघाला. सगळ्या गॅरेजांत तसेच करतात, म्हणजे नवा पाटा जुन्यांत मिसळून जातो. वस्तादांनी त्याच्या हातातला डबा काढून घेतला आणि दुसरा उघडला. त्यात लालभडक रंग होता. त्यांनी दोन्ही जादा पाटे त्या रंगाने रंगवले, त्यावर पांढऱ्या अक्षरांत स्वतःचे नाव आणि तारीख घातली. मग वहीतले पान फाडून त्यांनी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला चिठ्ठी लिहिली: 'या गाडीला मागे एकेक पाटा मी वाढवला आहे. बाकी कशाला हात लावलेला नाही. आपल्या दप्तरी नोंद व्हावी.'

शेठ कपाळाला हात लावून बसले. "वस्ताद, चोरी करायची आणि वर दवंडी पिटायची?"

"चोरी कुठं केली? गाडी तुमची, पाटा तुमचा," वस्ताद हसून म्हणाले. "आणि लाल रंग शोभून दिसतो की!"

शेठनी कुरकुरत चिठ्ठी पोहोचवली. कंपनीने गाडीच्या पुस्तकात शिक्का मारला: मागील पाटे व त्यांमुळे होणारी मोडतोड यांना वॉरंटी लागू नाही. शेठ पुस्तक घेऊन परत आले, ते पान सुकुमारसमोर धरले आणि निघून गेले. सुकुमारला फार वाईट वाटले. गुरूंच्या सरळपणाची किंमत गिऱ्हाइकाने का मोजावी, हे त्याला काही केल्या उमगेना.

पुढच्या आठवड्यात वस्ताद भाचीच्या लग्नाला मिरजेला गेले. नेमके त्याच दिवशी शेठ दुसरा ट्रक घेऊन आले.

"सुकुमार, आज तू एकटा आहेस म्हणून मुद्दाम आलो. हिला पण पाटा घाल. पण या खेपेला रंगाचा आणि चिठ्ठीचा खेळ नको. वॉरंटीचं काम निघालं तर आधी तुझ्याकडं आणीन. तू पाटा काढायचास, काम झालं की परत बसवायचास. जमेल?"

सुकुमार क्षणभर घुटमळला. मग त्याला ते शिक्क्याचे पान आठवले आणि तो म्हणाला, "जमेल, शेठ." त्याने पाटे बसवले, काळा रंग दिला, वर ओली माती चोळली. पाटा कुठला जुना आणि कुठला नवा, हे त्याचे त्यालाही ओळखू येईना. आपण एका भल्या माणसाचे नुकसान वाचवले, या समाधानात तो घरी गेला. वस्तादांना त्याने काही सांगितले नाही.

आठ महिने दोन्ही ट्रक घाट चढत-उतरत राहिले. मग एकाच पंधरवड्यात दोन्हींचेही गिअर निसटू लागले. त्या बनावटीच्या गिअरबॉक्समध्येच काही दोष राहिला होता.

लाल पाट्याचा ट्रक आधी सर्व्हिस सेंटरला गेला. तपासणीला आलेल्या कंपनीच्या मॅडम गाडीखाली वाकल्या, त्यांनी लाल पाटा पाहिला, पुस्तकातला शिक्का पाहिला आणि म्हणाल्या, "याची नोंद आहे." पुढे त्या गिअरबॉक्सकडे वळल्या. चार दिवसांत नवा गिअरबॉक्स बसून ट्रक परत आला.

मग दुसऱ्याची पाळी. ठरल्याप्रमाणे सुकुमारने पाटे काढले आणि या खेपेला तोही शेठबरोबर गेला. मॅडम पुन्हा वाकल्या. बराच वेळ त्या उठल्याच नाहीत. पाटे आवळणारे बोल्ट त्यांना दिसले होते. जादा पाट्यासाठी सुकुमारने लांब बोल्ट घातले होते. पाटा निघाल्यावर त्यांचे आटे बोटभर मोकळे लोंबत होते.

"इथून काय काढलंत?" त्यांनी विचारले.

"काही नाही," शेठ म्हणाले.

मॅडमनी सुकुमारकडे पाहिले. तो आपल्या चपलांकडे पाहत होता.

"बरं," त्या उठत म्हणाल्या. "मग मला सगळंच तपासावं लागेल. तेल वेळेवर बदललं का, माल किती भरलात, गिअरबॉक्स आधी कुणी उघडला होता का. गाडी इथंच राहील. महिना लागेल, जास्तही लागेल."

हळदीचा हंगाम तोंडावर आलेला. शेठच्या तोंडचे पाणी पळाले.

सुकुमार थेट वस्तादांकडे आला आणि उभ्याउभ्याच सगळे सांगून मोकळा झाला. वस्तादांनी ऐकून घेतले. मग ते मोठ्याने हसले.

"म्हणजे तिकडं मी भाचीच्या लग्नात बिर्याणी खात होतो आणि इकडं तू पाटा शिजवत होतास!"

"वस्ताद, चेष्टा करू नका. शेठचं काय होणार? एवढ्याशा पाट्यापायी गिअरबॉक्ससुद्धा बुडाला. पाट्याचा आणि गिअरचा संबंध तरी काय?"

"संबंध काहीच नाही. तो तू जोडलास." वस्तादांनी त्याला शेजारी बसवून घेतले. "बाळ, त्या पहिल्या गाडीत आपण काय केलं होतं? कंपनीला सांगितलं, इथवर माझा हात लागलाय, पुढं नाही. हद्द आखून दिली. त्या हद्दीच्या आतलं आपल्या माथी, बाहेरचं त्यांच्या. सांगितलेल्या गोष्टीला हद्द असते. लपवलेल्या गोष्टीला ती नसते. बाईंना बोल्ट दिसला. आता त्यांना कसं कळावं की तुमची लपवाछपवी पाट्यापाशीच थांबली? ती गिअरबॉक्सपर्यंत गेली असेल, इंजिनापर्यंत गेली असेल. त्या रागावल्या नाहीत रे, त्यांना कुंपण दिसेना."

सुकुमारने विचारले, "आता काय करू?"

"ते मला का विचारतोस? पाटा कुणी बसवला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सुकुमार शेठच्या पेढीवर गेला. "शेठ, मी खरं सांगायला चाललोय. तुम्ही आलात तर बरं, नाही आलात तरी जाणार." शेठनी त्याच्याकडे टक लावून पाहिले, आणि पायात चपला सरकवल्या. "चल बाबा. कालची रात्र मीही डोळे उघडे ठेवूनच काढली."

मॅडम टेबलाशी बसल्या होत्या. समोर कोरा फॉर्म होता.

"तुम्ही गाडीला जादा पाटा बसवला होता?"

"हो," सुकुमार म्हणाला. "मी बसवला आणि तपासणीच्या आदल्या दिवशी मीच काढला. शेठ काल जे बोलले, ते माझ्या भरवशावर बोलले."

"नाही मॅडम," शेठ मध्येच म्हणाले, "लपव म्हणून मीच सांगितलं होतं."

मॅडमनी पेन उचलले. पाटे व त्यांमुळे होणाऱ्या मोडतोडीची वॉरंटी त्यांनी तिथल्या तिथे खोडली. काल खोटे बोलल्याबद्दल दोन खडे शब्दही सुनावले. मग त्या पुढच्या रकान्यांकडे वळल्या.

"गिअरबॉक्स उघडला होता?"

"नाही."

"इंजिनाला हात लावला?"

"नाही."

"पासिंगपेक्षा जास्त माल?"

"नाही," शेठ म्हणाले. "वजनकाट्याच्या पावत्या आहेत, उद्या आणून देतो."

सुकुमार वाट पाहत होता की आता त्या मान वर करतील, कालसारखे रोखून पाहतील. त्यांनी मान वर केलीच नाही. एकेक उत्तर त्या सरळ लिहून घेत गेल्या. शेवटी सही करून म्हणाल्या, "पावत्या तेवढ्या आणा. आठवड्याभरात गाडी घेऊन जा. हळदीचा हंगाम आहे ना?"

बाहेर आल्यावर शेठनी त्याच्या पाठीवर अशी थाप मारली की तो दोन पावले पुढे गेला. समोरच्या हातगाडीवर ते दोघांसाठी गरम भजी सांगू लागले. सुकुमार मात्र अजून त्या फॉर्मपाशीच होता. त्याला वाटले होते, एका 'हो'ने सगळे हातचे जाईल. आणि त्या एका 'हो'नेच तर त्याचे उरलेले सगळे 'नाही' खरे ठरले होते.