खरं बोलणाऱ्याची माधुकरी

"मग खरं बोलणं हा गुन्हा आहे का, बुवा?"

मोरेश्वर कुंट्यांनी हे विचारलं तेव्हा निरंजनबुवा मठाच्या पडवीत बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कुणी म्हटलं गुन्हा?"

"माझ्या मुलीनं."

"हं..."

बुवा पुढची शेंग सोलू लागले. कुंट्यांना हे काही आवडलं नाही. माणूस सकाळची पहिली एसटी पकडून, नदी ओलांडून, टेकडी चढून येतो आणि त्याला नुसतं 'हं' मिळतं.

कुंटे वजनमापे खात्यात निरीक्षक होते. सगळी नोकरी तराजू, मापं आणि पाकिटांवरचे छापील आकडे तपासण्यात गेली. पुढे ते निवृत्त झाले, पण तपासणी काही निवृत्त झाली नाही. उलट आता वेळच वेळ. मनात आलं की तोंडावर बोलायचं, आणि तोंडावर बोलून भागलं नाही तर सोसायटीच्या ग्रुपवर लिहायचं, असा त्यांचा खाक्या.

चपलेच्या दुकानात मोबाईल नंबर विचारला की ते म्हणत, चप्पल पायात घालायची आहे, फोनला नाही. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' अशी पाटी दिसली की ती उतरेपर्यंत दुकानातून हलत नसत. बिस्किटाच्या पुड्याची किंमत तीच आणि बिस्किटं मात्र बारीक होत चालली, हे त्यांनी गावभर सांगितलं होतं. फोन कंपनीचा तो आवाज, 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' म्हणतो आणि मग पेटी वाजवत ताटकळत ठेवतो, तो तर त्यांचा जन्माचा वैरी. शेवटी जी कोणी मुलगी फोन उचलायची तिला ते सुनावत, की तुमच्या कंपनीचं पहिलंच वाक्य खोटं आहे.

आणि लोक? लोकांना, त्यांच्या मते, फसवून घ्यायची हौसच होती. न वाचता 'मान्य आहे' दाबतात, न वाचता पुढे पाठवतात, आणि मग बोंबलतात.

गंमत अशी, की माणूस बहुतेक वेळा बरोबर असायचा. खरी पंचाईत तीच होती.

हे सगळं त्यांनी बुवांना रंगवून सांगितलं. बुवांनी ऐकून घेतलं. मध्ये एकदाच बोलले. कुंट्यांनी बुवांच्या शेजारी ठेवलेल्या मोबाईलकडे बोट करून, मठात हे कशाला, असं विचारलं तेव्हा.

"चांगली वस्तू आहे," बुवा म्हणाले. "बंद करता येते."

कुंटे हसले नाहीत. त्यांना खरं सांगायचं होतं ते अजून राहिलंच होतं. ते सांगताना त्यांचा आवाज जरा खाली आला.

त्यांची एकुलती एक मुलगी ऋजुता. तिच्या डोहाळजेवणाला सासूबाईंनी तिच्या हातात सोन्याच्या बांगड्या घातल्या. पाट मांडलेला, भोवती बायका, ओटीची तयारी चाललेली. कुंटे पुढे झाले, खिशातलं भिंग काढलं आणि लेकीचा हात उलटासुलटा करून पाहिला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, यावर हॉलमार्क नाही.

नव्हताच. शंभर टक्के खरं होतं ते.

सासूबाईंच्या आईच्या बांगड्या होत्या त्या. जुन्या, घरच्या सोनाराकडून घडवलेल्या. विहीणबाई आत गेल्या त्या पंगत उठेपर्यंत बाहेर आल्या नाहीत. ऋजुता पाटावर तशीच बसून राहिली, बांगड्या घातलेला हात पदराखाली घेऊन.

त्यानंतर तिचा फोन नाही. नात झाली तेही जावयाच्या मेसेजवरून कळलं. आणि काल तिचा निरोप आला, स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवलेला. बाबा, उद्या नव्हे परवा बारसं आहे, सांगलीला. या. पण तोंड उघडणार असाल तर येऊ नका.

म्हणजे बारसं उद्यावर आलं होतं.

"जाऊन गप्प बसलो तर ते सोंग झालं," कुंटे म्हणाले. "आयुष्यात सोंग केलं नाही मी. आणि नाही गेलो, तर नातीचं तोंड कधी दिसायचं कुणास ठाऊक... मी काय करू, बुवा?"

बुवांनी सोललेले दाणे वाटीत सारले. मग खुंटीवरची झोळी काढून कुंट्यांच्या खांद्याला अडकवली.

या मठाचा रिवाज असा, की प्रश्न घेऊन येणाऱ्यानं आधी गावातून पाच घरांची माधुकरी आणायची. मग ती सगळ्यांनी मिळून खायची आणि मग काय ते बोलायचं. कलेक्टर आला तरी हेच.

कुंट्यांना घामच फुटला. परीटघडीचा शर्ट, पायात बूट, खांद्याला झोळी. मी पैसे देतो, गावातून डबा मागवू, असं त्यांनी सुचवून पाहिलं. बुवांनी त्यांच्या बुटांकडे पाहिलं. कुंट्यांनी बूट काढले.

"नियम काय?" त्यांनी विचारलं. नियम कळल्याशिवाय त्यांचं पाऊल उचलत नसे.

"दारात उभं राहायचं. मिळेल ते घ्यायचं. अन्नाला नाव ठेवायचं नाही."

"बस?"

"बस."

पहिल्या घरी भाकरी मिळाली, एका बाजूनं करपलेली. कुंट्यांच्या जिभेला खाज सुटली. आलेला शब्द गिळला.

दुसऱ्या घरची सून मिठाच्या बरणीला फोन टेकवून कुणाशी तरी बोलत होती. तिनं फोनवरची नजर न काढता झोळीत भाताची मूद टाकली, निम्मी झोळीत, निम्मी उंबऱ्यावर. या विषयावर कुंट्यांकडे अख्खं व्याख्यान तयार होतं. तेही गिळलं.

तिसऱ्या घरी फ्रिजमधली कालची भाजी आली, गारढोण. कुंटे काही बोलले नाहीत. आणि दारातून वळताना त्यांच्या ध्यानात आलं, की आपल्याला हे जमतंय. अरे वा. इतकं काही अवघड नाही. छातीत कसं गार गार वाटलं त्यांना. उद्या सांगलीला असंच बसायचं. विहीणबाईंनी बघत राहावं.

चौथं घर गल्लीच्या टोकाला होतं. हौसाबाई नावाची पन्नाशीची बाई त्या घरी होती. आतल्या खोलीत तिची सासू अंथरुणाला खिळून होती, तिच्या खोकल्याचा आवाज दारापर्यंत येत होता. हौसाबाईंनी, या महाराज, म्हणत पदर सारखा केला आणि आमटीची वाटी आणायला त्या चुलीकडे, म्हणजे गॅसच्या ओट्याकडे वळल्या.

दारातून ओटा सरळ दिसत होता. कुंट्यांची नजर सवयीनं फिरली. सिलिंडर, रेग्युलेटर, आणि तिथून शेगडीला गेलेली रबरी नळी. नळी जुनी, भेगाळलेली. मधोमध एका ठिकाणी चिंधी गुंडाळून सुतळीनं आवळलेली. आणि वास. हलकाच, फोडणीच्या वासाखाली दबलेला, पण होता.

त्यांचं तोंड उघडलंच होतं.

मग त्यांनी ते मिटलं. आता इथवर आणलंय, ते कशाला मोडायचं? हौसाबाईंनी आमटी घातली. कुंट्यांनी मान लववली आणि पुढच्या घराकडे निघाले. पाचव्या घरी काय मिळालं ते त्यांना नंतर आठवेनासुद्धा.

मठात आले तेव्हा चेहरा असा, जणू पोरगं बोर्डात आलंय. बुवांनी झोळी रिवाजाप्रमाणे नदीवरून आणलेल्या पाण्यात बुडवून काढली. तिखट, मीठ, करपट, शिळं, सगळं एकच झालं. दोन पत्रावळी मांडल्या. बुवांनी घास कालवला.

कुंट्यांना राहवेना. त्यांनी सांगायला सुरुवात केली. करपलेली भाकरी सांगितली, फोनवाली सून सांगितली, गार भाजी सांगितली, आणि प्रत्येक ठिकाणी आपण कसे गप्प राहिलो तेही. बुवा कालवत होते.

"आणि चौथ्या घरी तर कमाल," कुंटे म्हणाले. "गॅसची नळी चिंधी बांधून चालवलीय. वास येतोय. एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. पण नाही बोललो, बुवा. एक अक्षर नाही."

बुवांचा हात थांबला.

"वास येत होता?"

"हो."

"घरात कोण होतं?"

"बाई... आणि आत तिची सासू. झोपून असते बहुतेक."

बुवांनी हातातला घास पत्रावळीवर परत ठेवला. ऐंशीच्या घरातलं शरीर ते, गुडघ्यावर हात देऊन उठले आणि खरकट्या हातानं, अनवाणी, टेकडी उतरायला लागले.

कुंटे क्षणभर तसेच बसले. त्यांनी नियम पाळला होता. अगदी काटेकोर पाळला होता. नियम अन्नाचा होता...

ते धडपडत उठले. उतारावर त्यांनी बुवांना गाठलं, मागे टाकलं आणि पळायला लागले. निवृत्त निरीक्षक, साठी उलटलेले, परीटघडीच्या शर्टावर आमटीचे डाग, भर उन्हात गावातून पळताहेत. लोक दारात येऊन बघत होते. कुंट्यांना दिसत होती ती नुसती ती चिंधी.

हौसाबाई शेगडीशी वाकल्या होत्या. सासूला चहा हवा होता. काडेपेटी हातात होती.

"बाई, काडी ओढू नका."

एवढंच. आवाज इतका बारीक निघाला की कुंट्यांना स्वतःलाच ओळखू आला नाही. ना कायदा, ना नळीवर छापलेलं साल, ना लोकांच्या बेफिकिरीवर दोन शब्द. हौसाबाईंचा हात तसाच राहिला. कुंटे आत शिरले, रेग्युलेटर बंद केला, खिडकी ढकलून उघडली, मागचं दार उघडलं. आतल्या खोलीत जाऊन म्हातारीची खिडकीही उघडली. म्हातारीनं विचारलं, कोण रं तू? कुंट्यांनी तिचं पांघरूण घसरलं होतं ते सारखं केलं आणि बाहेर आले.

हौसाबाईंच्या लक्षात आलं होतं. त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. नळीचं त्यांना माहीत होतं. मालकास्नी सांगून दमले, त्या म्हणाल्या, आज आणतो, उद्या आणतो. मग चिंधी बांधली.

नंतर त्यांनी कुंट्यांकडे नीट पाहिलं.

"मगाशी आलता तवा दिसलं हुतं का तुमास्नी?"

कुंट्यांना खोटं बोलायची सवय नव्हती.

"दिसलं होतं."

"मग का बोलला न्हाई?"

सगळ्या आयुष्यात त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं. का बोललात, असं सगळे विचारत. त्यांनी उत्तर शोधलं. मिळालं ते सांगण्यासारखं नव्हतं. बाई, मी माझी शाबासकी सांभाळत होतो, हे कसं सांगायचं?

"चुकलं माझं," ते म्हणाले.

हौसाबाई म्हणाल्या, बसा पायरीवर, पाणी आणते. पाणी दिलं आणि त्या चहाचं भांडं घेऊन शेजारणीकडे गेल्या, कारण आत म्हातारी चहा मागतच होती.

कुंटे पायरीवर बसले. तांब्या तोंडाला लावला तर पाणी छातीवर सांडलं.

बुवा आले. दम लागला होता. एकवार आत डोकावले, उघड्या खिडक्या पाहिल्या, आणि कुंट्यांच्या शेजारी येऊन टेकले. गल्लीतून एक शेळी गेली.

"ती बाई काडी ओढणारच होती, बुवा."

"हं..."

"मी तिथं दारात उभा होतो. मला सगळं दिसत होतं."

बुवा तळव्यात रुतलेला खडा काढत होते.

"आता तर मला काहीच कळत नाही. बोललो ते चुकलं, नाही बोललो तेही चुकलं. उद्या लेकीकडे जाऊन मी बोलू, की गप्प बसू?"

बुवांनी त्यांच्या हातातला तांब्या काढून घेतला आणि खाली ठेवला.

"हात थरथरतायत तुझे."

"हो..."

"बोलायचं की गप्प बसायचं ते त्यांनाच कळेल. थरथर थांबायच्या आत सांगलीला पोच."