देवडीवरचा दुसरा ठसा

कर्दळगडच्या महाराजांना स्वतःच्याच ॲपमध्ये शिरता येईना.

प्रजेने तक्रारी कराव्यात म्हणून दवंडी पिटून काढलेलं ॲप होतं ते. आठ दिवसांत प्रजेकडून एकही तक्रार आली नाही, तेव्हा प्रजा सुखी आहे असं समजून महाराजांनी हत्तीवरून साखर वाटली. नवव्या दिवशी त्यांना स्वतःलाच एक तक्रार करायची होती. कसली, ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. चार लोकांसारखं त्यांनी स्टोअरवरून ॲप उतरवून घेतलं, नाव घातलं, पासवर्ड घातला. फोन म्हणाला, 'ओळख पटली नाही.' महाराजांनी मुकुट चढवून पुन्हा प्रयत्न केला. तरीही पटली नाही.

ॲप बांधणाऱ्या केरबाला बोलावणं गेलं. 'माझ्या फोनवर चालतंय' हे त्याने तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगायची हिंमत झाली नाही. मग घाबरून त्याने परवानग्यांचे सगळे नियमच काढून टाकले. ओळख न विचारता ज्याला त्याला आत प्रवेश. तासाभरात सेनापतींच्या घोरण्याविषयी त्यांच्या बायकोने केलेली तक्रार चहाच्या गाड्यावर मोठ्याने वाचली गेली, आणि केरबाला सगळे नियम होते तसे परत लावावे लागले.

आता महाराज इरेला पेटले. त्यांनी फर्मान काढलं. तक्रार ती करणाऱ्याला आणि न्यायाधीशांनाच दिसावी, तिसऱ्या कोणालाही नाही. उद्या दुपारपर्यंत सगळी प्रजा आत आली पाहिजे, पण दार उघडं टाकायचं नाही. शिवाय ॲपमधली एक ओळही बदलायची नाही, कारण राजज्योतिषांनी ते मुहूर्त पाहून स्टोअरवर चढवलं होतं आणि पाडव्यापर्यंत त्याला हात लावू नये असं बजावलं होतं. हे जमलं नाही तर केरबाची रवानगी सरहद्दीच्या चौकीवर, एकट्याची आणि कायमची. तिथे रेंजही नव्हती.

केरबाची बायको सगुणा वाड्याच्या देवडीवर पहाऱ्याला असे. केरबा येऊन तिच्या पायरीवर बसला, झालं ते सगळं सांगितलं आणि घोंगडी बांधून ठेव म्हणाला. सगुणाच्या मनात आलं, या माणसाला भाजीत मीठ आहे की नाही तेही कळत नसे, तो एकटा चौकीवर काय खाणार? पण पहाऱ्यावर डोळ्यांतून पाणी काढायची तिला सवय नव्हती.

"घोंगडीचं मग बघू," ती म्हणाली. "आधी सांगा, कुणालाच आत घेत न्हाई का काहींना घेतंय?"

केरबाने आठवून पाहिलं. दरबारातल्या दहा-बारा मंडळींना आत घेत होतं. त्यांच्या फोनवर त्याने आपल्या ॲपच्या कारखान्यातून थेट, स्वतःच्या हाताने ॲप घातलं होतं. स्टोअरवरून उतरवणारे तेवढे बाहेर.

"म्हंजे वाटेत स्टोअर लागतं. तिथं त्याला काय करत्यात?"

"काही नाही गं. आम्ही आमची मोहर मारून पाठवतो. ते ती बघतात आणि पुढं धाडताना स्वतःची मारतात. मग तक्रारी ठेवतो त्या क्लाउडवरचा पहारेकरी मोहर बघून आत घेतो."

सगुणाने भाला भिंतीला टेकवला. "अवो, गवळी तुपाच्या घागरीवर मोहर मारतो. जकात नाक्यावर ती फोडून तूप बघत्यात आन् नाक्याची मारत्यात. माझ्याकडं ताडून बघायला दोन्ही ठसे हायेत, म्हणून वाड्यात तूप जातं. तुमच्या क्लाउडच्या पहारेकऱ्याकडं किती हायेत?"

केरबा ताडकन उठला.

"एकच," तो म्हणाला. "आमचा." आणि एक वहाण पायरीवरच टाकून तो कारखान्याकडे पळाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी भरल्या दरबारात महाराजांनी फोन हातात घेतला. केरबा आणि सगुणा समोर उभे होते. ओळ एकही बदलली नव्हती, दार बंद होतं. क्लाउडच्या वहीत स्टोअरच्या मोहरेचा ठसा तेवढा नोंदवला होता. महाराजांनी पासवर्ड घातला आणि आत गेले. बाहेर चौकातूनही लोक आत गेल्याची आरोळी आली. महाराजांनी वेळ न घालवता, फोनवर हात आडवा धरून, आपली तक्रार लिहून टाकली.

मग त्यांना वाटलं, आलोच आहोत तर प्रधानजींनी काय लिहिलंय तेही बघावं. फोन म्हणाला, 'आपल्याला परवानगी नाही.'

महाराजांनी फोन खाली ठेवला.

"केरबा," महाराज थंडपणे म्हणाले, "तुझ्या पहारेकऱ्याला अजून आमची ओळख पटलेली दिसत नाही. घोंगडी बांध."

सगुणा मुजरा करून पुढे झाली.

"पटली हाय, महाराज. पटली म्हणून तर आत घेतलं. पण आत घेतलं म्हणून सगळी कपाटं उघडून द्यायची नसत्यात. फर्मान आपलंच हाय."

"आम्ही राजे आहोत."

"ते बी त्याला ठावं हाय. हुकूम करा, हे आत्ता नियम काढत्यात. फकस्त तो निघाला की सगळ्यांनाच सगळं दिसंल, काल दिसलं तसं." तिने महाराजांच्या फोनकडे बोट केलं. "आत्ता आपण जी तक्रार लिहिली, ती राणीसाहेबांना दिसली तर चालंल का?"

शेजारच्या आसनावर राणीसाहेबांचा पंखा थांबला.

महाराजांनी फोनकडे पाहिलं. पंख्याकडे पाहिलं. मग ते हसू लागले, आणि मुकुट सावरावा लागला इतके हसले. नियम आहे तसाच राहू दे, म्हणाले. केरबाची रवानगी तिथल्या तिथे रद्द झाली, आणि महाराजांनी आपल्या हातातले सोन्याचे तोडे उतरवून सगुणाला दिले.

राणीसाहेबांनी मात्र न्यायाधीशांना जेवायचं बोलावणं धाडलं.